दहाची गाडी दहाला आणणारे अप्पा

आदरणीय यशवंतअप्पांची आणि माझी पहिली भेट झाली ती मुलाखतीच्या निमित्ताने. आमच्या बुऱ्हानपूरच्या केळी उत्पादक सहकारी संस्थेत कार्यालय सहायकाची जागा निघाली होती. दोन लहान मुली घरी ठेवून मी नोकरी शोधत फिरत होते आणि जिथे जाईन तिथे एकच प्रश्न कानावर पडत होता, "मॅडम, देर तक रुकना पडेगा, चलेगा ना?" मीही गुळमुळीत 'हो' म्हणायची आणि घरी येऊन रडायची. म्हणून त्या दिवशी 'हो' अगदी जिभेवर तयार ठेवूनच गेले होते. संस्थेचे व्यवस्थापक म्हणून नव्यानेच रुजू झालेले अप्पा समोर बसले होते. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "रेखाताई, आपल्याला संध्याकाळी घरी किती वाजता पोहोचायला हवं?"

मी चाटच पडले. म्हटलं, "सहाला." तर म्हणाले, "मग साडेपाचला आपण इथून निघायचं. त्याच्या आत काम कसं बसवायचं, ते मी शिकवतो. शिकाल?" घरी आल्यावर हे सगळं यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "कुठेतरी गडबड आहे. असा साहेब असतो होय?" आज अप्पांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात लिहायला बसताना पहिल्यांदा तेच वाक्य आठवलं. असे साहेब असतात हो! आमच्या नशिबी आले. संपादक मंडळाने मला "जरा भारदस्त भाषेत लिहा" असं बजावलं आहे, पण मी बोलते तशीच लिहिणार. अप्पांना माझी भारदस्त भाषा ऐकून हसू आलं, तर गौरव बाजूलाच राहायचा.

संस्थेची तेव्हाची अवस्था सांगितल्याशिवाय अप्पांचं काम कळणार नाही. शेतकऱ्याच्या शेतातून केळी उचलायची, ट्रकमध्ये भरायची आणि बाहेरच्या बाजारात पोहोचवायची, हे आमचं काम. केळीचा घड झाडावरून उतरवला की तो फार वेळ उन्हात ठेवून चालत नाही. साल काळी पडते, माल नरम होतो आणि व्यापारी नाक मुरडतो. आमच्याकडचा उन्हाळा तर सर्वांना ठाऊकच आहे. मग होत काय होतं? गाडी बांधावर उभी दिसल्याशिवाय शेतकरी कटाईला हात लावत नसे, कारण गाडी येणार येणार म्हणून फसलेले सगळेच होते. आणि कटाई झाल्याचा निरोप आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, कारण शेतावर जाऊन अर्धा दिवस नुसता बसून राहिलेला तोही होताच. कटाईवाले मजूर कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसलेले, ड्रायव्हर इकडे टपरीवर बसलेला आणि दोघेही फोनवर म्हणतायत, "पहिले तुम्ही!" भरणी सुरू व्हायची ती भर दुपारी, माणसं भाजून निघायची तेव्हा.

बिनसलं काय, ते विचारायला आमच्याकडे फोन आला की कार्यालयातले सगळे, आणि नव्याने आलेली मीही, एका सुरात म्हणायचो, "हो जायेंगा भाऊ, हो जायेंगा!" या दोन शब्दांनी बुऱ्हानपूरचं जेवढं नुकसान केलं असेल तेवढं गारपिटीनेही केलं नसेल. कंटाळून एकेक सभासद खाजगी व्यापाऱ्याकडे वळू लागला. शेवटी संचालकांनी ठरवलं की पुढच्या वार्षिक सभेत संस्था बंद करण्याचा ठराव मांडायचा. संस्था बंद म्हणजे आम्ही सगळे कर्मचारी घरी, आणि लहान शेतकरी पुन्हा व्यापारी म्हणेल त्या भावाला. अप्पा सिंचन खात्यातून निवृत्त होऊन आले होते. त्यांना आणलंच होतं जणू दिवा मालवायला.

त्यांनी संचालकांच्या सभेत एक हंगाम मागून घेतला. म्हणाले, "मला सांगितलेल्या वेळेला गाडी नेऊन दाखवू द्या. नाही जमलं तर ठराव मीच मांडतो." तेव्हा आमचे ज्येष्ठ संचालक भास्करराव मोठ्याने हसले. "अप्पा, बुऱ्हानपुरात वेळ पाळायची म्हणजे तापीला उलटं वाहायला सांगायचं!" अप्पा शांतपणे म्हणाले, "भास्करराव, तापी आधीच बाकी नद्यांच्या उलटी, पश्चिमेला वाहते. तिला कुणी सांगावं लागलं नाही." सभेत जो हशा पिकला, त्यात तो हंगाम आम्हाला मिळून गेला.

मला वाटलं, साडेपाचचा शब्द आता विसरायचा, अप्पा आमच्या मानेवर बसणार, रात्रंदिवस राबवणार. झालं भलतंच. त्यांनी सगळ्यांत आधी कार्यालय बंद करायची वेळ ठरवली. "उघडायची वेळ कुणीही ठरवतो हो. बंद करायची वेळ ठरली की दिवसभरात काय टाकून द्यायचं ते आपोआप कळतं," असं त्यांचं म्हणणं. मग दुसरी गोष्ट. सकाळी आल्या आल्या जो फोन करायला सगळ्यांत जास्त जिवावर येतो, तो पहिला करायचा. माझा तो फोन म्हणजे एका तिरसट वाहतूकदाराचा असायचा. मी आधी चहा, मग देवाला फुलं, मग टेबल पुसणं, असं करत दुपार करायची. अप्पा नुसते समोर येऊन उभे राहायचे. "झाला का कडू घोट?" झाला म्हटलं की म्हणायचे, "आता चहा घ्या, गोड लागेल." आणि खरंच लागायचा.

'हो जायेंगा' हा शब्द तर त्यांनी कार्यालयातून हद्दपारच केला. कुणीही म्हणालं की अप्पांचा एकच प्रश्न, "कधी?" दिवस सांगितला तर म्हणत, "त्या दिवशी किती वाजता?" तरुण मुलांना सुरुवातीला राग यायचा. आपापसात म्हणायची, "यार, अप्पा तो इन्कम टॅक्सवाले से भी खतरनाक हैं." पण हळूहळू त्यांच्याही तोंडी वेळ यायला लागली. मोबाइलवरचे निरोप बघायचे ते ठरलेल्या वेळी, मधे मधे नाही. आणि दुपारी जेवणानंतर अप्पा बाकावर चक्क डुलकी काढायचे. एका सभासदाने तक्रार केली, तेव्हा म्हणाले, "केळीला सावली लागते, मला डुलकी लागते. दोघंही त्याशिवाय करपतात." तक्रार करणारे गृहस्थ नंतर स्वतःच तिथे पाय पसरायला लागले, ही गोष्ट निराळी.

एक सवय मात्र खास आमच्या भागातली. इथे कुठेही जा, रेल्वेचं फाटक आडवं येतंच. चांदनी गावाकडे जाताना मालगाडी उभी राहिली की माणूस भुईमुगाच्या शेंगा सोलून संपवतो, तरी फाटक उघडत नाही. पण निघताना कुणी तो वेळ हिशेबात धरत नसे. उशीर झाला की "फाटक लागलं होतं!" म्हणून हात वर. अप्पा म्हणाले, "फाटक काय आज पहिल्यांदा लागलं?" तेव्हापासून कुठलंही काम ठरवताना थोडी जागा मोकळी ठेवायची आणि तिला म्हणायचं 'फाटकाचा वेळ'. मग ते ट्रकचं असो, अहवालाचं असो की मुलीच्या शाळेतल्या पालकसभेचं. आमच्या घरी स्वयंपाकालाही फाटकाचा वेळ असतो. सासूबाईंना सुरुवातीला हे काय खूळ वाटायचं, आता त्याच विचारतात.

आता जसोंडीची गोष्ट सांगते. तिथल्या विमलकाकू आमच्या जुन्या सभासद. एकट्या शेती करणाऱ्या, जिभेने तिखट आणि मनाने त्याहून तिखट, असं मला तेव्हा वाटायचं. अप्पांनी पहिल्या प्रयोगासाठी नेमक्या त्यांनाच गाठलं. "काकू, गाडी दहाला येईल. आपण दहापर्यंत कटाई पुरी करून ठेवा. गाडीची वाट बघायची नाही." काकूंनी कमरेवर हात ठेवले. "अप्पा, माह्या वर्षाचा माल हाय तो. गाडी नाही आली त मी काय करू? उन्हात बसून त्याले वारा घालू?" अप्पा म्हणाले, "गाडीत मी स्वतः बसून येतो." काकूंनी अप्पांना नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तुमी म्हन्ता म्हनून कापते. पन गाडी नाही आली ना, त सारे घड तुमच्या हापिसात आनून ओतीन. बसा मंग शिकरण खात!"

ड्रायव्हर सलीमभाईंनाही तेच सांगितलं. कटाईच्या निरोपाची वाट बघायची नाही, निघायचं. सलीमभाई म्हणाले, "अप्पा, वहाँ जाके देखा और कटाई नहीं हुई तो?" अप्पा म्हणाले, "मग मी तिथे तुमच्या शेजारी बसून राहीन. दोघं मिळून कंटाळू." आणि मला म्हणाले, "रेखाताई, आपण पुढे शेतावर जा. काकूंच्या जवळ थांबा."

ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. वैशाखाचं ऊन आठालाच चटके देत होतं. कटाईवाले भराभर घड उतरवत होते आणि काकू केळीची पानं अंथरून त्यावर ते ओळीने ठेवत होत्या, बाळं निजवावीत तसे. बघता बघता सारा बांध हिरवागार झाला. झाडं उघडी पडली. आता माघार नव्हती. काकूंनी रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठी हाय तुमचा अप्पा?" मी म्हटलं, "येतायत." फोन लावला तर लागेना. दुसऱ्यांदा लावला, तोही लागेना. मजूर एकमेकांकडे बघून हसायला लागले. एकजण म्हणाला, "काकू, आज त शिकरण पक्की!" काकूंनी त्याला काय शिवी घातली ती या ग्रंथात छापता येणार नाही. पदर ओला करून त्या घडांवर धरत होत्या. तो एवढासा पदर कुठे कुठे पुरणार? मला वाटलं, ही बाई आपल्या एका शब्दावर उघड्यावर आली. गाडी आली नाही तर हिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

तेवढ्यात वळणावरून हॉर्न ऐकू आला. एकदा नाही, सलीमभाई वाजवतच होते, वरात घेऊन आल्यासारखे! धुरळा उडवत गाडी बांधाला लागली. अप्पा खाली उतरले, घामाने निथळत होते. फाटकावर मालगाडी उभी राहिली होती, पण त्यासाठी वेळ धरूनच ते निघाले होते. काकूंनी रस्ता बघितला, गाडी बघितली, मग माझ्या मनगटातलं घड्याळ ओढून बघितलं. दहा वाजत होते. "आला वो माय!" एवढंच त्या म्हणाल्या आणि मटकन बांधावर बसल्या. सलीमभाई ओळीने लावलेले घड बघून म्हणाले, "या अल्लाह, सब तैयार?" मजुरांनी टाळ्या वाजवल्या. मी तर सरळ रडले. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या! भर दुपार व्हायच्या आत भरणी झाली आणि माल तजेलदार निघून गेला.

जसोंडीची बातमी केळीच्या गाडीपेक्षा वेगाने पसरली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या शेतकऱ्यांनी वेळ मागितली, मग खकनारकडच्यांनी. एकदा-दोनदा घोटाळेही झाले, नाही कशाला म्हणू? एकदा गाडी पोहोचली आणि शेतकरी बुवा नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेलेले. पण अप्पा गाडीसोबत जातच राहिले. लोकांना गाडीची खात्री पटली आणि सलीमभाईंना लोकांची.

मग ती वार्षिक सभा आली. ठरावाचा कागद भास्कररावांच्या हातात होता. ते वाचायला उभे राहणार, तोच मागच्या रांगेतून विमलकाकू उठल्या. "बंद कायले करता वो? ऐका माह्यं. मी सकाळी चहा पिऊन कटाई लावते. दहाले गाडी येते. दुपारी मी घरी जेवते. लगन होऊन आली तवापासून कटाईच्या दिवशी मी कधी गरम भाकर खाल्ली नव्हती. आता खाते. तुमाले संस्था बंद करायची त करा, पन माही भाकर कोन गरम ठेवीन ते आधी सांगा!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताची धूळ खाली आली. भास्कररावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि चालत येऊन अप्पांना मिठी मारली. संस्था तगली. नुसती तगली नाही, गेलेले सभासद परत आले, नवे आले, आणि आज जिल्ह्यात आमचं नाव ताठ मानेने घेतलं जातं.

भास्कररावांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. लग्नसराईत आमच्याकडे पत्रिका हातीच द्यावी लागते आणि द्यायला आलेला माणूस बसल्याशिवाय जात नाही. एक बसला की दुसरा येतो, चहा होतो, दुपार जाते. अप्पांनी जाहीर केलं, पत्रिका आणि गप्पा बुधवारी चारनंतर. नेमके भास्करराव लेकीची पत्रिका घेऊन सोमवारी आले. अप्पांनी दारातच उभं राहून ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "आज काम आहे, बुधवारी सवडीने बसू." भास्करराव लालबुंद! मी मनात म्हटलं, गेली आता संचालकांची मर्जी. बुधवारी चार वाजता अप्पा स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसले. फोन बंद करून, अंधार पडेपर्यंत. पाहुण्यांची यादी, पाण्याची सोय, सगळं ऐकून घेतलं आणि पंगतीच्या पाण्याची जबाबदारी उचलली. भास्कररावांनीच मला नंतर सांगितलं, "रेखाताई, इतकी वर्षं लोक माझ्याकडे येतात, पण माझं पूर्ण ऐकून घेतलं ते या माणसाने."

माझ्या बाबतीत तर काय सांगू? धाकटीचं शाळेतलं पहिलं भाषण होतं आणि त्याच दुपारी बाहेरगावचे व्यापारी येणार होते. मी रजा मागितलीही नव्हती. अप्पांनी स्वतःहून विचारलं, "आज शाळेत आहे ना काहीतरी?" मी म्हटलं, "पण व्यापारी…" "व्यापारी दरवर्षी येतात. पहिलं भाषण दरवर्षी नसतं. निघा." मी गेले. लेक अडखळली, मी पहिल्या रांगेतून हात केला आणि तिने भाषण पूर्ण केलं. आज ती महाविद्यालयात वादविवाद गाजवते. त्या दिवशी मी तिथे नसते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

अप्पांनी निवृत्तीची तारीखही वर्षभर आधी सांगून टाकली आणि आपली खुर्ची मला देण्याची शिफारस केली. लोक म्हणाले, "अप्पा गेले की पुन्हा हो जायेंगा सुरू!" खरं सांगते, मलाही तीच धास्ती होती. अप्पांचा शब्द म्हणजेच संस्था, असं सगळे धरून चालले होते. मग त्या शब्दामागे माणूसच नसला तर शेतकरी कुणाच्या भरवशावर कोयता चालवणार?

त्यांच्या निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी खकनारकडची गाडी वाटेत पंक्चर झाली. तिकडे कटाई सुरू झालेली. माझा हात फोनकडे गेला, अप्पांचा नंबर काढलासुद्धा. मग तो बंद केला आणि दुसऱ्या गाडीला फोन लावला. कार्यालयातली मुलं धावली, कुणी शेतकऱ्याला कळवलं, कुणी रस्ता बदलून दिला. एकानेही "हो जायेंगा" म्हटलं नाही. गाडी सांगितलेल्या वेळी शेताला लागली.

संध्याकाळी सुशीलाकाकूंचा, अप्पांच्या पत्नीचा, फोन आला. "अगं रेखा, एक फोन तरी करायचास! सकाळपासून हे मोबाइल मांडीवर घेऊन बसलेत. डुलकीसुद्धा काढली नाही." मागून अप्पांचा आवाज आला, "दे इकडे." मग मला विचारलं, "खकनारची गाडी होती ना आज?"

"होती अप्पा. पंक्चर झाली."

"मग?"

"दुसरी पाठवली. वेळेवर पोहोचली."

"मला विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. पण गरज पडली नाही, अप्पा."

बोलून गेले आणि मला वाटलं, अप्पा दुखावले. आणि एकदम फोनमधून असं गडगडाटी हसू ऐकू आलं, जे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. फोन हातातच धरून ते ओरडत होते, "सुशीला! अगं, मावा जिलेबी मागव! संस्था माझ्याशिवाय चालली!" काकू म्हणत होत्या, "अहो, डोळे पुसा आधी." मीही इकडे कार्यालयात उभ्या उभ्या डोळे पुसत होते.

अप्पा, आज पंचाहत्तरी पूर्ण करताना आपल्याकडे चिक्कार वेळ आहे आणि तो आपण आपल्या हाताने कमावलेला आहे. तो उदंड पुरो. पाय खणखणीत राहोत, दात जिलेबीला पुरे पडोत आणि सुशीलाकाकूंच्या जोडीने आपण शंभरीच्या पलीकडे निवांत चालत जावं, एवढंच तापीमाईकडे मागते. आपला फोन आता वारंवार वाजेल, तयारी ठेवा. विमलकाकू करतील, सलीमभाई करतील, भास्करराव करतील, मी तर करणारच. पण अप्पा, कामासाठी कुणीही करणार नाही.